शिष्यवृत्तीचे ऋण : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा जमाखर्च

महात्मा फुले मंडई ही पुणेकरांच्या नित्य परिचयाची वास्तू आहे. मधला उंच मनोरा, त्याभोवती पसरलेल्या शाखा आणि त्या छायेत बसलेले भाजीवाले हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिले आहे. १८८६ साली ही इमारत खुली झाली तेव्हा मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव देण्यात आले होते. आज जे नाव या वास्तूवर आहे, त्या महापुरुषाचा मात्र या खर्चाला विरोध होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा नसताना मंडईच्या भव्य इमारतीवर एवढी रक्कम घालणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. इमारत उभी राहिलीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला जोतीरावांचे नाव मिळाले. विरोध करणाऱ्याचेच नाव त्या वास्तूला लागले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहिला. ज्याच्या घरी काही नाही, त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावा, हा तो प्रश्न.

आज हा प्रश्न आमच्यापुढे नव्या रूपात येतो. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरू लागली आहेत. प्रवेशाचे पत्र हाती पडल्यावर घरात आनंद होतो आणि त्याच रात्री हिशेब सुरू होतो. विमानाचे भाडे, राहण्याचा खर्च, ग्रंथ, घरी मागे राहणाऱ्या आई-वडिलांचा उदरनिर्वाह हे सारे कोठून आणावे? या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र याच एका बाजूने सांगण्याचे ठरविले. त्यांच्या जीवनातील लढे आपणा सर्वांना ज्ञात आहेत; त्यांच्या शिक्षणाचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणी मांडतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाले होते आणि पन्नास रुपयांच्या निवृत्तिवेतनावर मोठे कुटुंब चालवीत होते. आई भीमाबाई लवकरच निवर्तल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. सातारा सोडून कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले तेव्हा एका खोलीत सारा संसार होता. मुलाला ग्रंथांची ओढ होती आणि ग्रंथ विकत आणण्याची ऐपत नव्हती. अशा वेळी सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, उसने पैसे मागत. पैसे नसले तर दागिना मागून आणत व तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. निवृत्तिवेतन हाती येताच दागिना सोडवून परत केला जाई. बाबासाहेबांच्या शिक्षणाला मिळालेले पहिले अर्थसाहाय्य हे होते. ते एका बापाने आपल्या लेकींच्या अंगावरच्या दागिन्यांतून उभे केले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या सुमारास त्यांचा विवाह रमाबाईंशी झाला होता. भायखळ्याच्या बाजारातील दिवसभराची विक्री संपल्यावर, त्याच उघड्या छपराखाली, हे लग्न लागले. मंडईत लग्न लागलेल्या त्या नवऱ्या मुलाचे नाव पुढे भारताच्या राज्यघटनेशी जोडले जाईल, असे त्या रात्री कोणाला वाटले असेल?

मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी तेथे उपस्थित होते. गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या भेटीचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु गुरुजींनी केलेले दुसरे कार्य तितकेच मोलाचे आहे. सुभेदारांना पुढील शिक्षणाचा भार पेलवेनासा झाला तेव्हा त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. विद्यार्थ्याची गुणवत्ता आणि दात्याची तिजोरी या दोहोंमध्ये अंतर असते. ते अंतर चालून जाणारा, दार ठोठावणारा कोणीतरी लागतो. केळुसकर गुरुजींनी ते केले. शिक्षक म्हणून त्यांचा भीमरावांशी शाळेचा संबंधही नव्हता. गुरुजी दुसऱ्याच शाळेत शिकवीत आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी होते.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या प्रारंभी भीमराव बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. जून महिन्यात भीमरावांनी करारपत्रावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांची मुदत, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथेच त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र लाभला. त्या मैत्रीचा हिशेब पुढे येणार आहे.

साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कसारख्या शहरात राहायचे, त्यातूनच घरी रमाबाईंना काही पाठवायचे आणि उरलेल्या पैशांत जुन्या ग्रंथांची दुकाने पालथी घालायची, असा त्यांचा क्रम होता. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंधही सिद्ध केला. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १८७३ साली जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केला, त्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या देशाकडे पाहिले, त्या देशात त्यांचा हा मानसशिष्य चाळीस वर्षांनी विद्यार्थी म्हणून वावरत होता.

१९१६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब लंडनला आले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव नोंदविले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रयत्नाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मिळाली, एवढाच दिलासा होता. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते पाणतीराने बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. सामानाच्या नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हाती आले. त्यांतील काही घरखर्चाला देऊन, उरलेल्या पैशांवर, करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले.

बडोद्यात जे घडले ते आपणा सर्वांना माहीत आहे. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. करारातील दहा वर्षे अशी काही दिवसांत संपली आणि शिष्यवृत्तीच्या रकमेच्या परतफेडीचा तगादा मात्र पुढे मागे लागला. शिष्यवृत्तीने विद्यार्थ्याला शिक्षण मिळाले, पण शिकून आलेल्या माणसाला सन्मानाने जगू देणारा समाज काही त्या शिष्यवृत्तीने मिळाला नाही. सयाजीराव महाराजांच्या औदार्याला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र केवळ पैसा दिल्याने काम पुरे होत नाही, हे त्या अकरा दिवसांनी दाखवून दिले.

लंडनचा अभ्यास अपुरा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळात हे वेतन चांगलेच होते. पण परळच्या चाळीतील राहणी त्यांनी बदलली नाही. रमाबाईंच्या हाती संसारापुरते ठराविक पैसे देऊन उरलेला पैन् पै लंडनसाठी शिल्लक टाकला. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. या तीन धाग्यांनी विणलेल्या बळावर १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

तेथील त्यांचे दिवस उपासमारीचेच होते. सकाळी घरमालकिणीने दिलेली पावाची चकती आणि चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचत बसत. इकडे मुंबईत रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली. त्यानंतर रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी. चा प्रबंध त्यांनी सादर केला. परीक्षकांनी त्यात फेरबदल सुचविले. तोपर्यंत जवळचे पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुंबईला परतावे लागले. फेरबदल करून प्रबंध त्यांनी येथूनच लंडनला पाठविला आणि तो स्वीकारला गेला. बॅरिस्टर झाले, पण वकिलीची सनद घेण्यास पैसा नव्हता. तेव्हाही भथेनाच धावून आले. कोलंबियाची डॉक्टरेट तर याहून उशिरा आली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. १९१६ साली लिहिलेल्या प्रबंधाचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली.

या साऱ्या ऋणांची नोंद बाबासाहेबांनी कोठे ठेवली असेल, तर ती त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस वाहिला. ओढगस्तीच्या दिवसांत रमाईंनी दिलेल्या साथीचे स्मरण त्यात आहे. १९४६ चा शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ जोतीरावांना अर्पण केलेला आहे. आणि अखेरच्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत केळुसकर गुरुजींच्या त्या भेटग्रंथाची आठवण आहे. वडील, महाराज, पत्नी, विचारगुरू आणि शिक्षक अशा पाच सावकारांची ही खातेवही आहे. तिच्यात कोणाचेही ऋण बुडालेले नाही.

परंतु ऋण मान्य करून बाबासाहेब थांबले नाहीत. आपल्याला जे दयेने, योगायोगाने, कोणाच्या तरी शब्दामुळे मिळाले, ते पुढच्या पिढीला हक्काने मिळावे यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केले. सत्याग्रहाच्या आधी वसतिगृह आले, हा क्रम आपण लक्षात ठेवला पाहिजे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आहे.

पुण्याच्या येरवडा कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. योगायोगाने तोच सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचा दिवस. त्या कराराची चर्चा नेहमी राखीव जागांपुरती होते. १४८ हा आकडा सर्वांना पाठ असतो. परंतु त्याच करारात असेही एक कलम आहे की, प्रत्येक प्रांताने शिक्षणावरील अनुदानातून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी. एवढ्या तणावाच्या प्रसंगीही शिक्षणाच्या पैशाची तरतूद करारात आली. पन्नास वर्षांपूर्वी याच शहराच्या नगरपालिकेत जोतीरावांनी जो आग्रह धरला होता, तो आता लेखी करारात उतरला.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन दिले. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी एक लाख रुपये, अशी त्यांची मागणी होती. सरकारने वार्षिक तीन लाख रुपये मंजूर केले. त्यातून काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ शकले. पुढे १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. परदेशी शिक्षणाचा खर्च हे केंद्र सरकारचे उत्तरदायित्व ठरवावे आणि त्यासाठी दरवर्षी दहा लाख रुपयांची तरतूद करावी, असे त्यात होते. एका विद्यार्थ्याच्या साडेअकरा पौंडांपासून निघालेला हा विचार राष्ट्राच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचला होता. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीला आज राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे.

सरकारवरच भार टाकून ते स्वस्थ बसले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. एक नाव भगवान बुद्धांचे, तर दुसरे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ज्ञान देणारा आणि प्रश्न विचारणारा, दोघांनाही त्यांनी महाविद्यालयांच्या दारावर मान दिला. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी देऊन गौरविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बाबासाहेबांचा हा अनुभव आपल्यापुरता मर्यादित नाही, याचीही जाणीव त्यांना होती. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या तीन वर्षांनी आफ्रिकेत जे घडले, ते वाचताना आम्हाला भथेनांची आठवण होते. केनियाचे तरुण कामगार नेते टॉम म्बोया यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. त्यांच्या देशातील तरुणांना अमेरिकन महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता. पण तेथे पोहोचण्याचे भाडे त्यांच्यापाशी नव्हते. म्बोयांनी अमेरिकेत फिरून आवाहन केले. खेळाडू जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफॉन्टे, अभिनेते सिडनी पॉइटिये यांनी त्यांना हात दिला. १९५९ च्या सप्टेंबरात ८१ विद्यार्थ्यांना घेऊन पहिले विमान निघाले. १९६३ पर्यंत पूर्व आफ्रिकेतील सुमारे आठशे विद्यार्थी या मार्गाने गेले. पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळविणाऱ्या वांगारी माथाई १९६० मध्ये याच योजनेतून अमेरिकेला गेल्या. आज आफ्रिकेतील अनेक विद्यार्थी पुण्यात शिकण्यास येतात. मायदेशापासून दूर, मोजक्या पैशांत महिना काढणाऱ्या त्या मुलांकडे पाहताना आपण न्यूयॉर्कमधील भीमराव आठवावेत, एवढी अपेक्षा आम्ही आपल्या वाचकांकडून करतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. बाबासाहेबांच्या जमाखर्चातून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोठी शिष्यवृत्ती शिक्षणाचा मुख्य भार उचलते. विद्यार्थी अडतो तो तिच्या कडेच्या तीन जागी. पहिली जागा सुरुवातीची. प्रवेश मिळालेला असतो, पण अर्जाचे शुल्क, प्रवास आणि पहिल्या महिन्याचा खर्च हाती नसतो. दुसरी जागा घरची. मुलगा किंवा मुलगी शिकत असते तेव्हा मागे राहिलेल्यांची चूल कशी पेटावी, याचा विचार कोणतीही योजना करीत नाही. तो भार रमाईंनी एकटीने वाहिला. तिसरी जागा शेवटची. मुदत संपते, प्रबंधाचे थोडे काम उरते आणि तेवढ्यासाठी पदवी लांबते. १९१७ मध्ये आणि १९२३ मध्ये बाबासाहेबांना याच जागी परतावे लागले.

या तिन्ही जागी लागणारी रक्कम संस्थानिकांच्या तिजोरीएवढी मोठी नसते. ती एका मित्राच्या, एका शिक्षकाच्या, चार माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली असते. म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे की, त्यांनी या तीन जागांसाठी शाळेत एक छोटा परतफेडीचा निधी उभारावा. ज्याला तो मिळेल त्याने नोकरी लागल्यावर, सवडीने, पुढच्या विद्यार्थ्यासाठी तो परत करावा. पैसा देणे ज्यांना शक्य नाही त्यांनी केळुसकर गुरुजींचे काम अंगावर घ्यावे : शासकीय योजनांच्या मुदतीवर लक्ष ठेवावे, जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेत काढून द्यावेत, मुलांचे अर्ज वाचून दुरुस्त करावेत, कार्यालयात त्यांच्याबरोबर जावे. पालकांनीही मुलीच्या अर्जाला मुलाच्या अर्जाइतकाच मान द्यावा. सुभेदारांच्या घरात लेकींचे दागिने भावाच्या पुस्तकांसाठी गहाण पडले. त्या लेकींचे ऋण फेडण्याची संधी आता आपल्याला आहे.

येत्या वर्षी आपल्या वसतिगृहातील जो कोणी परदेशी निघेल, त्याच्या किंवा तिच्या पिशवीत पहिल्या महिन्याच्या खर्चाचे पाकीट असावे आणि त्यावर देणाऱ्याचे नाव नसावे, अशी आमची इच्छा आहे.